भाड्याचें तट्टू

मराठी भाषेंत घोड्याचा संचार मोठा आहे. काम अडलें म्हणजे आपलें घोडें पेंड खातें. वेळ टळून गेल्यावर सुचलेली युक्ति वरातीमागून घोडें ठरते. निरुपयोगी माणसांचा भरणा झाला कीं त्यास खोगीरभरती म्हणतात. परंतु या सर्व वाक्प्रचारांत ‘भाड्याचें तट्टू’ हा शब्द आम्हांस अलीकडे विशेष टोंचूं लागला आहे. ज्याला स्वतःचें मत नाहीं, जो पैसे देणाऱ्याच्या टांचेसरशी चालतो, अशा माणसास आपण भाड्याचें तट्टू म्हणतों, आणि त्या शब्दांत पुष्कळच तुच्छता भरलेली असते. गंमत अशी कीं, या शिवीचा सगळा भार तट्टावर पडतो. तें भाड्यानें देणारा व तें भाड्यानें घेणारा हे दोघेहि मोकळे सुटतात. देणाऱ्याच्या बाजूनें निदान पोटाचा प्रश्न तरी पुढें करतां येतो. घेणाऱ्याच्या बाजूनें काय सांगतां येईल? त्या घेणाऱ्याविषयीं, म्हणजे भाडें मोजून पाठीवर बसणाऱ्या माणसाविषयीं, आज चार शब्द लिहावे असें मनांत आहे. आणि तो माणूस आम्ही स्वतःच असल्यामुळें तें लिहिणें आमचें कर्तव्यहि झालें आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही सहकुटुंब माथेरानास गेलों होतों. इ. स. 1850 मध्यें ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं हा डोंगर ‘शोधून काढला’ असें पुस्तकांत छापलेलें असतें. डोंगरावर व पायथ्याशीं राहणारांना तो अगोदरपासून सांपडलेलाच होता, ही गोष्ट सोडून द्यावयाची. 1907 सालीं पीरभॉय घराण्यानें नेरळपासून वर अरुंद रुळांची आगगाडी नेली. 2003 सालीं केंद्र सरकारनें हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. मोटारी दस्तुरी नाक्यापाशीं थांबतात. तेथून पुढें तांबड्या मातीच्या वाटा, जांभळीची दाट सावली आणि माकडें. मोटारीचा भोंगा ऐकूं येत नाहीं असें गांव आपल्या प्रांतांत आतां विरळा. आणि ही शांतता ज्यांच्या पाठीवर उभी आहे, त्यांत घोडा हा प्रमुख होय. सामान त्याच्यावर, पाहुणा त्याच्यावर, पाहुण्याचें मूलहि त्याच्यावर. शार्लट तलाव, लुईझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट अशीं नांवें एका दमांत म्हणत घोडेवाले पाहुण्यांभोंवतीं जमतात, आणि शहरांतील ज्या गृहस्थानें जन्मांत कधीं रिकिबींत पाय ठेवलेला नसतो, तोहि घटकाभर शिलेदार होतो.

आम्हीहि झालों. नाक्यावर चाळिशीच्या एका घोडेवाल्यानें आम्हांस आपादमस्तक न्याहाळलें, कांहीं बोलावयास तोंड उघडलें आणि पुन्हां मिटलें. मग त्यानें कपाळावर पांढरा ठिपका असलेली आपली तांबूस घोडी पुढें आणली. तिचें नांव चांदणी. आमचें वजन 82 किलो आहे. त्याचें न बोललेलें वाक्य या वजनाविषयीं होतें, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या वेळीं आम्ही तें विचारलेंहि नाहीं.

अर्धी वाट संपल्यावर एका उतरणीवर, जेथें मातीऐवजीं चौकोनी फरश्या बसविलेल्या आहेत तेथें, घोडीचा पुढचा पाय घसरला. तिनें स्वतःला सांवरलें, आम्हांसहि सांवरलें. परंतु नालेचा दगडावर ओढला गेलेला तो आवाज आमच्या काळजांत राहिला. आम्ही उतरलों. “तुम्ही बसा साहेब, ती पडत नाहीं,” असें घोडेवाला म्हणत असतांनाहि आम्ही त्याच्या हातावर ठरलेलें भाडें ठेवलें व उरलेली वाट पायीं चाललों. त्या चालण्यांत आम्हांस जें सुख झालें तें सांगतांना आज लाज वाटते. पायाला धूळ लागत होती, आणि मन मात्र धुतल्यासारखें झालें होतें.

एवढ्यावर थांबतों तरी बरें होतें. परंतु प्राध्यापकाला पुण्य एकट्यानें पचत नाहीं. त्या रात्रीं भोजनाच्या वेळीं शेजारच्या टेबलांवरील मंडळींस आम्ही हा प्रसंग रंगवून सांगितला. मुक्या प्राण्याच्या वेदनेवर एक छोटेखानी व्याख्यानहि झोडलें. श्रोते हळहळले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीन कुटुंबांनीं सांगून ठेवलेले घोडे रद्द केले. आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत इतकें तत्काळ फळ देणारें व्याख्यान दुसरें झालें नसेल.

तिसऱ्या दिवशीं बाजारपेठेच्या टोंकाशीं तोच घोडेवाला भेटला. चांदणी झाडाला बांधलेली होती. त्यानें आम्हांस ओळखून नमस्कार केला. आम्ही धंद्यापाण्याची चौकशी केली, तेव्हां तो म्हणाला, “तुमच्या हॉटेलावरून काल आमचे घोडे सांगितलेले होते साहेब. सकाळीं निरोप आला, नकोत म्हणून. कुणी प्रोफेसर म्हणाले, पाप आहे.” ते प्रोफेसर कोण, हें त्यास ठाऊक होतें कीं नव्हतें, याचा उलगडा आम्हांस अजून झालेला नाहीं. त्याच्या स्वरांत राग नव्हता. घोडीच्या मानेवरून हात फिरवीत तो पुढें इतकेंच म्हणाला, “पाप असेल साहेब. पण ती नुसती उभी राहिली तरी खाते.”

या एका वाक्यानें आमची झोंप उडविली. नीतिशास्त्राचीं जीं पुस्तकें आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत आलों, त्यांत या वाक्याचें उत्तर शोधूं लागलों. कांटचें म्हणणें असें कीं, पशूंविषयीं आपलें कर्तव्य प्रत्यक्ष नाहीं. परंतु जो पशूंशीं निर्दय वागतो तो पुढें माणसांशींहि निर्दय होतो, म्हणून दया पाळावी. बेंथमनें 1789 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याच्या उलट दिशेनें विचार मांडला: प्राण्याला बुद्धि आहे कीं वाचा आहे, हा प्रश्नच गैरलागू, त्याला दुःख होतें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. आमचें मन अर्थातच बेंथमकडे झुकतें. नाल घसरल्याचा आवाज ऐकलेला माणूस कांटपाशीं फार वेळ थांबूं शकत नाहीं. परंतु घोडीवरून उतरतांना आम्ही स्वतः कोणाचे अनुयायी होतों, याचा प्रामाणिक विचार केला, तर उत्तर कांटच्या बाजूनें जातें. आम्ही घोडीची वेदना थांबविली नाहीं. आम्ही आपलें मन कठोर होऊं दिलें नाहीं, एवढेंच. आमच्यामागून तिच्यावर दुसरें कोणी बसलें असेल, कदाचित् आमच्याहूनहि जड. दया केली ती आम्ही स्वतःवरच.

येथें एक उत्तर फार सोपें आहे व तें लगेच ओठांवर येतें: घोडेवाल्याचें पोट त्यावर आहे, तेव्हां खुशाल बसावें; बसणें हाच परोपकार. हें उत्तर आम्हांस पटत नाहीं, आणि न पटण्याचें कारण त्याच गांवांत डोळ्यांसमोर होतें. माथेरानांत माणसानें माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा वर्षानुवर्षें चालल्या. त्या बंद कराव्या असें कोणी म्हटलें कीं, ओढणाऱ्यांच्या पोटाचाच दाखला पुढें केला जाई. 2025 च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा माणुसकीस धरून नाहीं असें ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा, व ओढणाऱ्यांस विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा रोजगार मिळवून देण्याचा आदेश दिला. पोटाचा दाखला खरा असतो. पण एखादी गोष्ट न्याय्य आहे हें त्यानें सिद्ध होत नाहीं. तो दाखला एवढेंच सिद्ध करितो कीं, अन्याय दूर करतांना त्याचा खर्च कोणीं सोसावयाचा हें अगोदर ठरविलें पाहिजे. न्यायालयानें एका हातानें बंदी घातली व दुसऱ्या हातानें पुनर्वसन सांगितलें, यांत हेंच शहाणपण आहे. आमच्या भोजनगृहांतील व्याख्यानांत पहिला हात होता, दुसरा नव्हता.

मग घोडाहि बंद करावा काय? 2015 सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें केवळ मौजेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या. आमचे कांहीं तरुण मित्र म्हणतील, माथेरानांतहि तसेंच व्हावें. त्यांचें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. रिक्षा ओढणारा माणूस निदान ‘नको’ म्हणूं शकतो, भाव ठरवूं शकतो, न्यायालयाची पायरी चढूं शकतो. घोड्याला यांतलें कांहीं साधत नाहीं. त्याहून वाईट हें कीं, घोडा ओरडतहि नाहीं. गवताळ रानांत हिंस्र पशूंच्या भयांत वाढलेल्या या जातीस वेदना लपविण्याची संवय लागली आहे. कुत्रें केकाटतें, घोडा उभा राहतो. 2014 सालीं युरोपांतील पशुवैद्यांनीं घोड्याच्या मुद्रेवरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तींत कान मागें ताठ होणें, डोळ्याभोंवतालचा भाग आवळला जाणें, नाकपुड्या व हनुवटी ताणलेली दिसणें, अशीं बारीक लक्षणें दिलेलीं आहेत. म्हणजे घोडा बोलतो. पण त्याच्या तोंडाकडे पाहील त्याच्याशींच. आणि पाठीवर बसलेल्याला तर घोड्याचें तोंड दिसतच नाहीं!

तरीहि सरसकट बंदीचें उत्तर आम्हांस पुरें वाटत नाहीं. सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं माणसानें ज्या घोड्याला जवळ केलें, त्याचाच वंश आज जगभर नांदत आहे. या प्राण्याला परत सोडावयास आतां रान उरलेलें नाहीं. गाडीला नको झालेलें यंत्र कोपऱ्यांत उभें राहतें. माणसाला नको झालेलें घोडें मात्र उभें राहिलें तरी खातें. ज्याचें काम संपलें त्याची चंदी कोण देणार, हें न ठरवितां त्याला मुक्त करणें म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणें होय.

विचार करतां करतां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, दोष बसण्यांत किंवा न बसण्यांत नसून तो भाड्याच्या स्वरूपांत आहे. ज्याची स्वतःची पागा असे, त्या जुन्या काळच्या माणसाला घोड्याच्या चालीबरोबर त्याची शिळक, त्याचा खरारा, त्याची लीद, त्याचें म्हातारपण हेंहि सगळें पदरांत घ्यावें लागे. तो निर्दय असूं शके. परंतु आपल्या निर्दयतेचें फळ त्याला आपल्याच थाणावर पाहावें लागे. भाडें ही अशी युक्ति आहे कीं, तींत आपण घोड्याचा एक तास विकत घेतों आणि उरलेले तेवीस तास दुसऱ्याच्या अंगावर टाकतों. सुख आपल्याकडे, जबाबदारी त्याच्याकडे. आणि भाव करतांना तर आपण त्या एका तासाचीहि किंमत पाडून मागतों. मग पावसाळ्यांत, जेव्हां गिऱ्हाईक फिरकत नाहीं, तेव्हां घोडी काय खाईल, हा प्रश्न घोडेवाल्यानें हंगामांत जास्त फेऱ्या मारूनच सोडवावा लागतो. जास्त फेऱ्या म्हणजे थकलेली घोडी. थकलेली घोडी म्हणजे घसरलेला पाय. आणि घसरलेला पाय पाहून हळहळणारे आम्हीच! ज्या क्रूरतेला पाहून आपण तोंड फिरवितों, तिचें एक कारण कित्येकदां आपल्याच घासाघिशींत असतें.

हें भाड्याचें तत्त्व घोड्यापुरतेंच नाहीं, हें सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. आपल्या घरीं धुणींभांडीं करावयास येणाऱ्या बाईचे दोन तास आपण घेतों. तिच्या कंबरेचें दुखणें तिच्या घरीं जातें. दारांत जेवण आणून देणाऱ्या मुलाचीं दहा मिनिटें आपण घेतों. पावसांत घसरलेली त्याची दुचाकी आपल्या हिशेबांत येत नाहीं. या सर्व ठिकाणीं आपलें मन दोनच गोष्टी जाणतें: घ्यावयाचें, किंवा वाईट वाटून घेणें सोडावयाचें. घेत असतां जबाबदार राहणें, ही तिसरी वाट अवघड असल्यामुळें ती आपणांस दिसत नाहीं.

तिचा एक फार जुना दाखला आपल्याच घरांत आहे. महाभारताच्या द्रोणपर्वांत, सूर्यास्तापूर्वीं जयद्रथाला मारीन अशी प्रतिज्ञा केलेला अर्जुन कौरवसेना फोडीत चालला आहे. क्षणाक्षणाला मोल आहे. प्रतिज्ञा चुकली तर अग्निप्रवेश करावयाचा आहे. आणि अशा वेळीं, शत्रूंच्या गराड्यांत, रथाचे घोडे थकले, तहानले व बाणांनीं विंधले गेले म्हणून रथ थांबतो. अर्जुन खालीं उतरून पायउतारा लढतो, बाणानें भूमि भेदून पाणी काढतो. आणि श्रीकृष्ण घोडे सोडून, त्यांच्या अंगांतले बाण काढून, त्यांना चोळून, पाणी पाजून ताजेतवाने करितो. आम्ही ही कथा लहानपणीं ऐकली तेव्हां बाणानें उत्पन्न केलेल्या सरोवराचें नवल वाटलें होतें. आज नवल वाटतें तें थांबण्याचें. त्यांनीं घोडे युद्धांत वापरावयाचे सोडले नाहींत. हें युद्ध घोड्यांचें नव्हतें, तरी घोडे त्यांत ओढले गेले होते, आणि हें व्यास लपवीत नाहीं. परंतु ज्याच्यावर आपण बसलों आहों त्याचा थकवा हा आपल्या कार्याचाच भाग आहे, हें त्या दोघांनीं भर रणांत मानलें. आम्हांस तर केवळ सूर्यास्त पाहावयास जावयाचें होतें!

या विवेचनांतून व्यवहाराचें कांहीं निघावें अशी अपेक्षा कोणी केली, तर ती रास्त आहे. ओझीं वाहणाऱ्या जनावरांविषयीं आपल्या देशांत 1965 पासून नियम आहेत. तट्टाच्या पाठीवर 70 किलोहून अधिक भार घालूं नये. दिवसांत एकंदर नऊ तासांवर व विसांव्यावांचून सलग पांच तासांवर काम घेऊं नये. पारा 37 अंशांच्या वर असेल तेथें दुपारीं बारा ते तीन जनावर जुंपूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. म्हणजे 82 किलोंचे आम्ही चांदणीच्या पाठीवर चढलों, तो पाय घसरण्यापूर्वींच अपराध झाला होता. सुशिक्षित माणसाला आपलें वजन ठाऊक असतें. तें गरजू माणसानें आपल्या तोंडावर सांगावें, अशी वाट पाहणें ही लबाडी होय. ज्याच्या हातीं पैसा आहे त्यानेंच अगोदर बोलावें. घोडीनें सकाळपासून किती फेऱ्या मारल्या, हें विचारावें. खोगीर उचलून पाठीवर जखम आहे काय, हें पाहूं द्यावयास सांगावें. उतरणीवर उतरावें, आणि उतरल्याबद्दल भाडें कमी देऊं नये. घासाघीस करावयाचीच असेल तर ती वेगासाठीं करावी: तासाचे पैसे घे, पण अर्धाच तास चालव. हीं कृत्यें लहान आहेत, त्यांनीं व्याख्यान रंगत नाहीं. आणि त्यांनीं मन धुतल्यासारखेंहि वाटत नाहीं, उलट थोडें अवघडल्यासारखें होतें. त्या अवघडलेपणावर आमचा विश्वास अधिक आहे.

शेवटच्या दिवशीं आम्ही पुन्हां त्या घोडेवाल्याकडे गेलों. व्याख्यान देणारे प्रोफेसर आम्हीच, हें प्रथम सांगून टाकलें. तो हंसला, कांहीं बोलला नाहीं. तीन दिवसांच्या नुकसानीबद्दल आम्ही कांहीं रक्कम पुढें केली, ती मात्र त्यानें घेतली नाहीं. “फुकटचे नकोत साहेब,” तो म्हणाला, “बसवायचं असेल तर पोरीला बसवा.” आमची आठ वर्षांची नात त्यासाठींच नाचत होती. आम्ही म्हटलें, बसवा. परंतु आधीं तिला घोडी दाखवा, आणि त्या वेळाचेहि पैसे धरा. मग त्यानें तिला तळहात पुढें करून घोडीला हुंगूं द्यावयास शिकविलें, मागच्या पायांकडे जाऊं नये हें सांगितलें, तोबऱ्यांत मूठभर चंदी तिच्या हातानें घालविली. “ती दमली हें कसं कळतं?” असें नातीनें विचारलें, तेव्हां त्यानें कान, डोळा व नाकपुडी अशीं एकामागून एक दाखविलीं. युरोपांतील पशुवैद्यांची मोजपट्टी त्यानें वाचली नव्हती. ती त्याला येत होती.

नात बसली. आम्ही व घोडेवाला दोहों बाजूंनीं चाललों. फरश्यांची उतरण आली तशी तीच म्हणाली, “मी उतरतें,” आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून चालूं लागली. परततांना तिनें घोडेवाल्याला विचारलें, “काका, पुढच्या वर्षीं ती मला ओळखेल?”

“तुम्ही आलांत तर ओळखेल,” तो म्हणाला.

या साध्या उत्तरांतील ‘तर’ आमच्या मनांत अजून घोळत आहे. भाड्याच्या संबंधांत पुन्हां येण्याचें बंधन कोणावरच नसतें, आणि म्हणूनच तो इतका सोईचा असतो. येत्या सुटींत माथेरानास जावयाचें आम्ही ठरविलें आहे. आमचें वजन तोंपर्यंत 70 वर येईल असें लक्षण दिसत नाहीं. तेव्हां दस्तुरी नाक्यापासून आम्ही पायींच चालूं. चांदणीचा एक तास मात्र आम्ही घेणार आहों, आणि त्याचा भाव तोच सांगेल.